गुरुवारची त्रेचाळीस ताटं

माझ्या धाकट्या भावाबद्दल पाटसमधी दोन गोष्टी बोलत्यात. एक, ज्ञानेश लई हुशार. दोन, मच्छिंद्रनं, म्हंजी मी, त्याचं वाटोळं करता करता ऱ्हायलं. पहिली गोष्ट बोलणाऱ्यांना माहीत न्हाई की त्याला हुशार कुणी केला. आन् दुसरी गोष्ट बोलणारा एक बी गडी त्या दिवशी तिथं नव्हता. मी व्हतो. म्हणून मीच लिहितो. ज्याला पटंल त्यानं वाचावं, ज्याला न्हाई त्यानं आपल्या कामाला लागावं.

आधी माझं सांगतो, म्हंजी कोण बोलतंय ते कळंल. मी सातवी पास. वडील गेले तवा मी एका लक्झरीवर क्लीनर व्हतो, काचा पुसायचो. आज माझ्या सोताच्या दोन बस हायत, दोन्ही पन्नास सीटरच्या, दोन्ही एसी. दौंडपासून शिरूरपातुर लगीन आसू द्या नायतर शाळेची सहल, पहिला फोन मला येतो. कुणाच्या पाया पडलो न्हाई, कुठल्या पुढाऱ्याच्या मागं फिरलो न्हाई. आन् ज्ञानेशला बारावीपातुर शिकवला तो मी. वह्या मी आणल्या, फी मी भरली, पायात बूट मी घातले. माझी पायताणं तवा तारेनं शिवलेली व्हती.

मला वाटलं व्हतं, बारावी झाला की लायसन काढंल, गाडीवर बसंल. दोन भाऊ, दोन गाड्या. तर हा सणसवाडीला गेला, एका कंपनीच्या कँटीनमधी. वय बावीस. दहा बाय दहाच्या खोलीत बिहारच्या चौघांबरोबर ऱ्हायचा. मी बघायला गेलो तर गडी चपात्यांच्या मशिनीपुढं उभा, भुवया सुद्धा पिठानं पांढऱ्या.

मी म्हणलं, “ज्ञाना, अरं लोकांची पोटं भरायला तुला शिकवलं व्हय?”

तर म्हणतो, “दादा, तू माणसं न्हेतोस, मी जेवू घालतो. फरक काय?”

फरक काय म्हणं! माझ्या गाडीत बसलेला माणूस मला शेठ म्हणतो. त्याच्याकडं ताट पुढं करणारा ‘ए, डाल डाल’ म्हणून वरडतो. हा फरक.

पर ऐकतोय कोण. शिरूरच्या बाजारातनं कँटीनला भाजी यायची. त्या भाजीवाल्याची पोरगी नीलम, तिच्याबरोबर ह्याचं लगीन झालं. पुढं कुरकुंभच्या एका औषधाच्या कंपनीत कँटीनचा सुपरवायझर झाला. आता ऐकायला सुपरवायझर. ठेकेदार बसायचा पुण्यात, कँटीन त्याच्या नावावर. पहाटं चारला भट्टी पेटवायची ह्यानं, सहाशे माणसं तीन शिफ्टला जेवू घालायची ह्यानं, आन् दिवाळीचा मिठाईचा डबा कंपनीनं द्यायचा ठेकेदाराला. चौदा वर्सं अशी काढली. मी कितीदा म्हणलं, सोड. न्हाई सोडलं.

त्याची एक खोड सांगतो. जेवणं झाली की लोक खरकटं टाकत्यात ती बादली हा रोज बघायचा. वाकून, हात घालून. आज किती भात टाकला, कुठली भाजी टाकली, चपातीची कड का टाकली. त्याच्यावरनं दुसऱ्या दिवशीचं ठरवायचा. आन् एक वही ठेवली व्हती. कोण सोमवार धरतो, कोण कांदा-लसूण खात न्हाई, कुणाला साखरेचा आजार हाय, नाईटवाल्यांना पहाटं तिखट चालत न्हाई, सगळं त्यात. शिकलेला माणूस, आन् धंदा काय तर खरकटं बघायचा. मला लाज वाटायची. अजून बी वाटती.

आता भांडणाचं. तीन वर्सांमागं त्यानं कुरकुंभच्या रस्त्याला घर बांधलं. वास्तुशांतीला पाव्हणे आणायला गाडी माझीच. शिरूरहून नीलमच्या माहेरची पन्नास माणसं मी भरून आणली. त्यात टायर पंक्चर झालं, तासभर उशीर झाला. दारात आलो तर पहिली पंगत बसलेली. घरचा वडील माणूस मी, वडलांच्या जागी मी, आन् माझं पान मांडलेलं न्हाई! मी ज्ञानाला म्हणलं, हे काय? तर गडी म्हणतो, “दादा, जो आधी आला तो आधी बसला. तू दुसऱ्या पंगतीला बस की.”

कँटीनची रीत घरात आणली व्हती त्यानं. माझ्याच गाडीतनं उतरलेली माणसं माझ्याकडं बघत व्हती. मी चप्पल पायात घातली आन् निघून आलो. पाणी सुद्धा पिलो न्हाई. त्या दिवसापासनं बोलणं बंद.

दोन वर्सांनी, ऑक्टोबरात, तोच माझ्या दारात आला. उभ्या उभ्याच बोलला.

“डिसेंबरच्या दहा-अकरा तारखंला दोन गाड्या पाहिजेत. कंपनीची फॅमिली ट्रिप हाय. अठ्ठ्याण्णव माणसं.”

आधी मला ‘दादा, तू’ म्हणायचा. आता दादा बी न्हाई.

मी म्हणलं, “माझ्याच गाड्या का? दौंडात गाड्या मेल्या का सगळ्या?”

“डिसेंबरात शाळांच्या सहली असत्यात. सगळ्या बुक हायत. तुमच्या मोकळ्या हायत, मी चौकशी केली.”

“म्हंजी मी दुसऱ्या पंगतीचा.”

माझी बायको रंभा आतनं चहा घेऊन आली, तवा कुठं तो टेकला आन् तिलाच सगळं सांगितलं. माझ्याकडं बघितलं न्हाई. कंपनीचा प्लँट वर्साचं दुरुस्तीचं काम काढायला आठ दिवस बंद ठेवणार व्हते. त्यात कामगारांना बायकापोरांसकट घाटाकडच्या एका मोठ्या पार्कला न्यायचं, पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, सगळं. बाजूलाच त्याच मालकाचं रिसॉर्ट. बुधवार-गुरुवार, कारण शनिवार-रविवारी तिकीट महाग. एचआरचे सत्यजीत साहेब म्हणून हायत, त्यांनी सगळी जबाबदारी ह्याच्यावर टाकली आन् सांगितलं, की ट्रिप नीट पार पडली तर एक जानेवारीपासनं कँटीनचा ठेका तुझ्या नावावर. बिघडली तर ठेकेदार हाय तोच.

रंभा म्हणली, “भाऊजी, म्हंजी चौदा वर्सांचं फळ हाय हे.”

“व्हय वहिनी. आत्ता न्हाई झालं तर परत कोण विचारतंय?”

म्हणून मी गाड्या दिल्या. त्याचं तोंड बघून न्हाई, वडलांचं नाव बघून दिल्या. हे बी लिहून ठेवतो.

आता त्यानं जेवणाचं कसं जुळवलं व्हतं ते सांगायला पाहिजे, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. पार्कचं तिकीट काढलं की त्यातच दुपारच्या जेवणाचं कुपन येतं. ते पार्कातच चालतं, दुपारी चारपातुर. रिसॉर्टवाले मात्र तीन टायमाच्या जेवणाचा प्लॅन गळ्यात मारत्यात, म्हंजी एकाच दुपारी दोन जेवणं, एक वाया. ज्ञानेशनं ते बरोबर वळखलं. त्यानं बुधवार पूर्ण घेतला, गुरुवारी सकाळचा नाष्टा घेतला, दुपार पार्कच्या तिकिटावर सोडली आन् निघायच्या आधी संध्याकाळचं जेवाण परत रिसॉर्टात धरलं. हे डोकं हाय त्याच्याकडं, मी कवाच न्हाई म्हणलो न्हाई.

नोव्हेंबरात माझी गाडी एका शाळंची सहल घेऊन तिकडंच निघाली व्हती. त्यानं रिसॉर्टला द्यायचा फॉर्म आन् ॲडव्हान्स माझ्या ड्रायव्हरकडं, दगडोबाकडं पाठवला. मला द्यायला तोंड नव्हतं. पर गाडीत मी बी व्हतो. तिथं पोचल्यावर म्हणलं, दगडोबाला काय कळतंय, आण इकडं. मी सोता आत गेलो.

मॅनेजर गोड बोलणारा. मला खुर्ची दिली, कॉफी दिली. फॉर्म बघितला आन् म्हणला, “शेठ, शेवटच्या रात्री साधी शाकाहारी थाळी? एवढे लोक आणताय, जाताना काय आठवण घेऊन जातील? त्यात थोडे टाका, लॉनवर बार्बेक्यू पार्टी देतो. सळईवरचं मटण, तंदुरी चिकन, लायटिंग, गाणी.”

फॉर्मावर ज्ञानाच्या अक्षरात लिहिलं व्हतं, ‘गुरुवार रात्री शाकाहारी, वेगळी भांडी.’ का ते लिहिलं नव्हतं. आन् मला तो कशाला सांगतोय? मला वाटलं, गडी कंजूषपणा करतोय. कँटीनवाल्याचं काळीज, वरण-भाताच्या पुढं जातंय कुठं. माझ्या गाडीतनं आलेली माणसं वरण-भात खाऊन परत जाणार? मी फरकाचे पैसे खिशातनं काढून टेबलावर ठेवले आन् म्हणलं, “करा पार्टी. म्हणावं मच्छिंद्रशेठकडनं.” शाकाहारी खोडलं, खाली सही ठोकली, माझा नंबर दिला. कुणाला सांगितलं न्हाई. त्या रात्री लोकांनी येऊन हातात हात द्यावा, आन् ज्ञानानं ते उभं राहून बघावं, हे माझ्या मनात व्हतं. खोटं कशाला बोलू.

बुधवार झकास गेला. गुरुवारी सकाळी माणसं पार्कात शिरली. मी आन् दगडोबा पार्किंगमधी गाडीपाशी बसलो व्हतो. दोन वाजता मॅनेजरचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

“शेठ, मटण मसाल्यात टाकलंय. सातला सळया लावू का साडेसातला?”

तेवढ्यात मागनं ज्ञाना. गाडीतनं कसलीतरी पिशवी न्यायला आला व्हता.

“कसलं मटण?”

मी फोन बंद केला. म्हणलं, “आज रात्री पार्टी हाय. माझ्याकडनं.”

“आज वार कंचा?”

“गुरुवार.”

“महिना?”

“डिसेंबर.”

“डिसेंबर कंपनीच्या कॅलेंडरवर. घरच्या भिंतीवर कंचा महिना हाय? वहिनी आज सकाळपासनं काय धरून बसलीय?”

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. मार्गशीर्ष. मार्गशीर्षातला गुरुवार. आमच्याकडं घरटी एक तरी बाई धरती. सकाळी घट मांडायचा, दिवसभर उपास, दिवं लागल्यावर पूजा, कहाणी, निवद दाखवायचा आन् मग जेवायचं. त्या दिवशी घरात अंडं सुद्धा फुटत न्हाई. माझ्याच घरात पंधरा वर्सं हाय. साहेबानं तारीख धरली तिकिटाचा दर बघून. मी बघितलं नुसतं अकरा. ज्ञानानं भिंतीकडं बघून थाळी लिहिली व्हती.

पिशवीतनं तांब्या आन् सुपाऱ्या दिसत व्हत्या. पूजेचं सामान.

“त्रेचाळीस बायका उपाशी हायत,” तो म्हणला. आवाज चढवला न्हाई. वरडला आसता तर बरं झालं आसतं. “दुपारी एकीनं बी जेवाण घेतलं न्हाई. रात्री त्यांच्याफुडं मी काय ठेवू? तुमची सळई?”

“मला सांगायचं व्हतंस तू! लिहायचं व्हतंस कशासाठी ते!”

“तुम्हाला सांगायला तुम्ही बोलत व्हता का?”

“तू बोलत व्हतास का?”

दगडोबा गाडीखाली शिरला, काय काम नसताना.

ज्ञानानं मॅनेजरला फोन लावला. तो म्हणला, आता बदलत न्हाई, माल भरला. पनीर करून देतो. त्याच शेगडीवर, त्याच सळईवर. एवढ्यात नीलम आन् तिच्याबरोबर सरूबाई आल्या. सरूबाई कंपनीत झाडलोट करती, साठीची, सगळ्या बायका तिचं ऐकत्यात. तिनं ते ऐकलं आन् कमरंवर हात ठेवला.

“मटणाच्या सळईला पनीर? आरं ज्ञानेश, मग सकाळपासनं आतडी कशाला वाळवली आम्ही? आन् ही आयडिया कुणाची?”

नीलम माझ्याकडं बघत म्हणली, “विचारायची गरज हाय का मावशी? एवढ्या मोठ्या मनाचा माणूस आपल्यात एकच हाय.”

माझी भावजय. माझ्यापुढं डोक्यावरचा पदर न काढणारी. मी म्हणलं, “नीलम, तोंड सांभाळ.”

“तोंडच सांभाळलंय सकाळपासनं, दादा. पाण्याच्या घोटावर.”

सरूबाई हसली. मला त्या हसण्याचा आज बी राग येतो.

तोपातुर सत्यजीत साहेब आले. तिशीतला माणूस, गॉगल. त्यांना कुणीतरी सांगितलं व्हतं. “ज्ञानेश, हे काय ऐकतोय मी? रात्री लेडीज जेवणार नाहीत? मोठ्या साहेबांना मी काय रिपोर्ट देऊ? मेनू बदलला कुणी?”

मी छाती पुढं काढून उभा ऱ्हायलो. म्हणलं, बघू, भाऊ काय करतो.

“माझ्या भावानं,” ज्ञाना म्हणला. बोट केलं माझ्याकडं, सगळ्यांच्या देखत. “पर कागद त्यांच्याकडं गेला, आन् नंतर मी परत विचारलं न्हाई. ती माझी चूक. सहा वाजंपातुर टाईम द्या.”

“आणि सहाला झालं नाही तर?”

“मग ठेकेदार हायच की, सर.”

असं म्हणून तो निघाला. जाता जाता त्यानं नीलमला सांगितलं, उपासवाल्या सगळ्या बायकांची तिकिटं गोळा कर, पळत. मी मागं गेलो. मला कुणी बोलवलं नव्हतं. पर माझ्या भावाचा ठेका माझ्या सहीनं जाणार म्हणल्यावर मी गाडीत बसून ऱ्हाऊ?

पार्कात शाकाहारी जेवणाचा काउंटर एका टोकाला, एकदम वेगळा. वेगळी भांडी, वेगळी भट्टी, आत चपला चालत न्हाईत. तिथला मुख्य माणूस अलीमभाई, सोलापूरकडचा. ज्ञानानं त्रेचाळीस तिकिटं त्याच्यापुढं ठेवली. साडेतीन वाजले व्हते.

“त्रेचाळीस थाळी? बिठाओ, बिठाओ. चार को बंद होता है.”

“बसायचं न्हाई. बायकांचा उपास हाय, संध्याकाळी सुटतो.”

“पार्सल नहीं होता भाऊ. रूल है. यहीं खानेका, चार के पहले खानेका.”

“पार्सल बी नको. त्रेचाळीस ताटांचा शिधा द्या. तांदूळ, डाळ, कणीक, रवा, साखर, तूप. आन् चारनंतर तुमची भट्टी मोकळी हाय, ती द्या. मी शिजवतो. इथंच वाढतो, इथंच खात्यात. तुमचा रूल मोडत न्हाई.”

अलीमभाई हसला. “आप कौन?”

“कँटीनवाला. सहाशे माणसांचं करतो रोज.”

“ऐसा सब बोलते हैं. मेरा साहब पूछेगा तो?”

ज्ञाना काउंटरच्या मागं गेला, जिथं खरकट्याची बादली व्हती तिथं. आन् वाकला. एवढी माणसं बघत्यात, माझा भाऊ लोकांच्या उष्ट्यात हात घालतोय. मी तोंड फिरवलं.

“पुऱ्या अर्ध्या टाकल्यात,” तो तिथनं बोलला. “तुम्ही अकराला तळून ठेवता, दोनला वाढता. वातड होत्यात. भात कुणी टाकलेला न्हाई, भात चांगला हाय. वाटाण्याच्या भाजीत सोडा जास्त पडलाय, वाटाणा उकलून पीठ झालंय. आन् आज तुम्ही दोनशे ताटं जास्त केलीत, गुरुवार धरलाच न्हाई. ते सगळं संध्याकाळी ह्याच बादलीत येणार. त्यातल्या त्रेचाळीस ताटांचे पैसे तिकिटात भरलेत.”

अलीमभाईचं हसू गेलं. बादलीपाशी आला, सोता बघितलं. मग त्यानं खांद्यावरचा पंचा काढला आन् ज्ञानाच्या हातात दिला. “साडेचार से साडेसात. मेरी भट्टी है, चमकाके देना.”

मी अस्तन्या वर केल्या. म्हणलं, “कणीक मी मळतो.”

“तुम्ही लांब ऱ्हावा,” ज्ञाना म्हणला.

“मी तुझा मोठा भाऊ हाय!”

“म्हणूनच. लांब ऱ्हावा. भट्टीपाशी एकच माणूस सांगणार.”

मी बाहेर कठड्याला टेकून उभा ऱ्हायलो. ट्रिपला आलेली त्याच्या कँटीनची तीन पोरं त्यानं घसरगुंडीवरनं बोलवली, ओल्या केसांनी. आन् मग मी बघितलं, चौदा वर्सांत पहिल्यांदा. एका मोठ्या पातेल्यात डाळ, दुसऱ्यात भात. कढईत रवा भाजायला घेतला, मधेच चिमूटभर हातावर घेऊन वास घेतला, म्हणला आजून. तोंडानं हिशेब चालू, हात थांबत न्हाईत, कुणाला दुसऱ्यांदा सांगायला लागत न्हाई. बटाटे चिरणाऱ्या पोरानं एक फोड जाड चिरली तर न बघता म्हणला, “ती बारीक कर.” मला माझी गाडी आठवली. घाटात गिअर टाकताना मी बी खाली बघत न्हाई. हे मी त्याला सांगितलं न्हाई आन् सांगणार बी न्हाई.

सव्वासहाला दिवं लागलं. काउंटरच्या बाजूच्या टेबलावर नीलमनं घट मांडला. डहाळ्या पार्कच्या बागंतल्या, माळ्याला विचारून घेतलेल्या. सरूबाईनं कहाणी वाचली, चष्मा न्हाई म्हणून निम्मी तोंडपाठ. पाळण्यांची गाणी मागं चालूच. तवा साहेबांनी फोटो काढला, हसत. निवद शिऱ्याचा. मग त्रेचाळीस ताटं वाढली. ऊन ऊन वरण-भात, बटाट्याची भाजी, पुऱ्या एकेक करून कढईतनं थेट ताटात. त्यांच्या नवऱ्यांना आन् पोरांना बी त्याच ताटांतलं थोडं थोडं मिळालं. मला कुणी हाक मारली न्हाई. व्हय, नीलम एकदा ताट घेऊन कठड्यापाशी आली. ठेवलं आन् माझ्याकडं न बघता गेली. मी बी बघितलं न्हाई. ते गार झालं.

मी रिसॉर्टला गेलो. तिथं लॉनवर अठ्ठ्याण्णव खुर्च्या, लायटिंग, सळया लालभडक, बारा वेटर पांढऱ्या टोप्या घालून उभे. मॅनेजर पळत आला. “शेठ, लोक?”

“येतील.”

सहाजण आले. चार बिनलग्नाची पोरं, दगडोबा, आन् एक जण बायकोची नजर चुकवून. नवरे माणसांना भूक नव्हती आसं न्हाई. पर बायको देवीचा उपास सोडतीय आन् आपण तंगडी तोडायची, एवढी छाती कुणाची? मी पैसे भरले व्हते. म्हणून मी मधल्या टेबलावर बसलो आन् म्हणलं, आणा. वेटरनं सळईवरचं मटण वाढलं, झकास वास. मी हात लावला न्हाई. आता लोक म्हणत्यात, मच्छिंद्रला लाज वाटली. लाज बीज काय न्हाई. माझ्या घरात रंभा त्या टायमाला पूजा करत व्हती, एवढंच. मी ताट दगडोबाकडं सरकवलं.

आठाला पार्किंगमधी माणसं गाड्यांत बसत व्हती. बायका हसत व्हत्या, पोरं पेंगत व्हती. सत्यजीत साहेब ज्ञानाच्या खांद्यावर हात ठेवून आले, थेट माझ्या बसच्या दारापाशी. मी स्टेअरिंगवर, काच उघडी.

“ज्ञानेश, मोठे साहेब खूश आहेत. फोटो ग्रुपवर टाकला त्यांनी. एक जानेवारीपासून कँटीन तुझं. कागद सोमवारी घेऊन जा.”

ज्ञानानं डोळं पुसलं अलीमभाईच्या पंच्यानं. नीलम दुसऱ्या बसच्या पायरीवर उभी व्हती, ती खाली उतरली.

साहेब म्हणले, “आणि फेब्रुवारीत आपल्या पुण्याच्या ऑफिसची माणसं आणायचीत इथंच. जेवणाचं, तिकिटाचं सगळं तूच बघ. गाड्या ह्याच ठेवू ना? मस्त गाड्या आहेत.”

मी वाट बघितली. म्हणलं, आता बोलंल. शेवटी रगत.

“गाड्या मस्तच हायत, सर,” ज्ञाना म्हणला. “दौंडात आशा गाड्या न्हाईत. पर ह्या नकोत.”

माझ्या तोंडावर म्हणला. मी काच वर केली आन् हॉर्न दिला, “बसा लवकर, घाट लागायचाय!” तो दुसऱ्या बसमधी बसला. सगळा रस्ता मी पुढं व्हतो आन् आरशात त्याच्या बसचं लाईट.

फेब्रुवारीत त्यानं पुण्याच्या गाड्या केल्या. त्यातली एक खंडाळ्याला गरम झाली, हे मला कळलं. मी हसलो, लपवत न्हाई. बोलणं आमचं आजून बंद हाय. त्यानं हाक मारली तर मी जाणार न्हाई, आन् मी हाक मारणार न्हाई, कारण मी मोठा हाय. गावात कुणी म्हणलं की ज्ञानेश भावामुळं बुडता बुडता वाचला, तर मी म्हणतो, बुडायला घातला मी, पर पव्हायला शिकला ते बी माझ्याच घरात.

कुरकुंभला त्या कंपनीच्या गेटाच्या आत आता पाटी लागलीय. कँटीनचालक म्हणून त्याचं नाव, पुढं वडलांचं, पुढं आडनाव. मी माणसं सोडायच्या बहाण्यानं एकदा जाऊन वाचून आलो. निम्मी पाटी माझी बी हाय. ती काढायला त्याच्या बापाला जमायचं न्हाई, कारण बाप आमचा एकच.